खंडेनवमीचा नारळ

हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात — ऐका तरी.

चाकणला आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मालक माझा थोरला भाऊ, आणि मी — मी आपला धाकटा. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दादाची अँजिओग्राफी झाली, उजव्या मनगटातून. हृदय ठणठणीत निघालं! दादा कपडे बदलत होता, तेव्हा सिस्टरनं मला बजावलं — काही दिवस या हातावर जोर नको, आपटणं-उचलणं नको, क्वचित आतून रक्तस्राव होतो.

मी मान डोलावली. दादाला मात्र सांगितलं नाही.

विसरलो? छे. दुसऱ्या दिवशी मशीनपुढं नारळ फोडायचा होता. तो मान दादाचा. पूजेचा नारळ डाव्या हातानं कोण फोडतं? म्हणजे सांगितलं असतं, तर त्यानं मलाच पुढं केलं असतं. आणि माझा नारळ काही केल्या फुटत नाही हो — मागं एकदा कामगार फिदीफिदी हसले होते. तेवढ्यासाठी गप्प बसलो. लिहितानाही लाज वाटते.

दादानं एका फटक्यात फोडला. संध्याकाळी हात कोपरापर्यंत टम्म सुजला, बोटं बधिर. ऑपरेशन करून आत साकळलेलं रक्त काढावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, जोर द्यायचा नाही हे सांगितलं नव्हतं का? मी म्हणालो, नाही. सिस्टर समोरच उभी होती. तिला बोलणी बसली आणि मी भिंतीकडं बघत राहिलो. याला काय म्हणायचं?

दादाचा हात हळूहळू सुधारला, तो परत लेथवर उभा राहिला. पण वहिनीनं मनात धरलं, दवाखान्यानंच हाताची वाट लावली. आता तिच्याच छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी तीच तपासणी सांगितली, तर ही हटून बसली — मेले तरी चालंल, पण तिथं जायची न्हाई. दादा रडकुंडीला आला. अजून किती दिवस गप्प बसायचं?

जेवताना दोघांसमोर सगळं खरं सांगून टाकलं. दादा ताटावरून उठला. वहिनीनं त्याचं ताट झाकून ठेवलं.

मग म्हणाली, "जाते मी. पण सूचना ऐकायला तुमी आत यायचं न्हाई, भावजी."

आज तिची तपासणी झाली. एक ब्लॉकेज सापडलं, वेळेवर. औषधांवर भागेल म्हणतात. सूचना द्यायला तीच सिस्टर होती. दादानं पुन्हापुन्हा विचारून सगळं ऐकून घेतलं. सिस्टर डॉक्टरांबरोबर बाहेर आली तसा मी बाकावरून उठलो आणि डॉक्टरांसमोरच बोललो — त्या दिवशी यांनी मला सांगितलं होतं, मी खोटं बोललो.

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाली, आणि पुढच्या पेशंटकडं गेली.