राखणदाराची रम

सोनबाने आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नाही आणि तरीही रमची त्याच्याएवढी पारख मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. रंगभूमीवर मी चाळीस वर्षे राजे केले, त्यातले निम्मे मद्यपी. कापडे गावात आमचा प्रयोग असला की त्यांच्या चषकातले गुळाचे पाणी हाच करून द्यायचा. वरच्या वाडीतून दोन किटल्या घेऊन उतरायचा. खलनायकाचे पाणी काळे, राजाचे सोनेरी. "राजाला काळं नको, गरीब दिसंल," असे त्याने मला विंगेत बजावले, तेव्हापासूनची आमची मैत्री.

तरुणपणी तो आंबेनळी घाट चढून वाईकडच्या गुऱ्हाळावर जायचा. तिथे तो गुळव्या झाला, म्हणजे कढईतला रस केव्हा उतरवायचा हे सांगणारा माणूस. वास घ्यायचा, थेंब दोन बोटांत धरून तार बघायची आणि हात वर करायचा. मालकसुद्धा त्या हाताकडे बघत उभा असायचा.

वाडीत मात्र त्याचा मान वेगळा होता. चौदा घरांच्या त्या वाडीच्या डोक्यावर राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. भात घरात आले की त्याला कोंबडा आणि रमची बाटली द्यायची. बाटली ओतण्याचा मान सोनबाच्या घराचा. बाप गेल्यापासून चौतीस वर्षे तोच ओतत आला. वर्षभर शेळ्यांमागे फिरणाऱ्या या माणसाला त्या एका दुपारी सगळी वाडी बाजूला होऊन वाट द्यायची. मला हे पक्के समजते. मी रोज प्रवेश घ्यायचो. त्याला वर्षातून एकच होता.

गेल्या साली त्याचा पुतण्या ओंकार रजेवर आला. तो परदेशी प्रवाशांच्या जहाजावर बारमध्ये काम करतो. वीर स्टेशनावर उतरून रिक्षाने येताना त्याने तीन बाटल्या तान्ह्या पोरासारख्या मांडीवर आणल्या. एक पांढरी रम, एक थेट उसाच्या रसाची, एक मसाल्याची. राखणदाराला दरसाल मिलिटरी कँटीनमधली काळी मिळते, एकदा त्यालाही निवड करू दे, असे त्याचे म्हणणे.

"मसाल्याची म्हंजे? मटनाचा मसाला?" सोनबाच्या बायकोने, रंगूबाईने विचारले.

"नाय गो काकी. दालचिनी, व्हॅनिला."

"मग सरळ खीर का नाय देत?"

ओंकारने दगडासमोर या तिन्हींचे आणि दरसालच्या काळीचे असे स्टीलचे चार पेले मांडले. मला महाडहून मुद्दाम बोलावले होते. इतके राजे केलेला माणूस न्याय करील, असा वाडीचा भाबडा समज. सोनबाने एकेका पेल्यावर नाक धरले. पांढरीला म्हणाला, "हिची मळी काढून काढून जीवच काढलाय." रसाच्या रमला म्हणाला, "ही आत्ता चरकातनं आली, अजून हिरवी हाय." काळीला, "काकवी. वर रंगाला जळकी साखर." मसाल्याचा पेला त्याने नाक मुरडून खाली ठेवला. ओंकार मोबाइलवर बघून मान डोलावत होता. सगळे बरोबर निघाले.

हे सोनबाचा चुलतभाऊ श्रीपत याला सहन झाले नाही. श्रीपत मुंबईच्या गोदामातून निवृत्त होऊन आलेला. चारही पेल्यांची चव घेऊन त्याने चारही 'फस्क्लास' ठरवल्या होत्या.

"ज्यानं कधी घोट घेतला नाय तो देवाला काय पाजनार रे?" तो म्हणाला. "मान आता माझ्याकडं पायजे. कौल लावा."

कौल म्हणजे फुलाची पाकळी पाण्याने दगडाच्या कपाळाला चिकटवायची आणि विचारायचे. उजवीकडे पडली तर मान सोनबाकडे, डावीकडे पडली तर श्रीपतकडे, असे ठरले. श्रीपतने पाकळी पाण्याऐवजी मसाल्याच्या रममध्ये बुडवली. देवाला चव कळायला नको का, म्हणाला. कुणालाच त्यात चूक दिसली नाही. मलाही नाही.

पाकळी पडेना.

तासभर आम्ही हात जोडून उभे. मग बसलो. ऊन दगडावरून सरकले, पायाशी बांधलेला कोंबडा झोपला. श्रीपतने वेळ घालवायला पेले संपवले आणि तोही कोंबड्याशेजारी आडवा झाला. लोक जेवायला उतरले. राहिलो मी आणि सोनबा.

त्याने मसाल्याच्या बाटलीतला थेंब दोन बोटांत धरून ताणला. "साखर हाय, अण्णा. चांगली तार येते. ही शिमग्यापोतूर पडायची नाय."

"मग पाणी लावून पुन्हा विचारू."

"इचारलेला कौल मधीच सोडता येत नाय."

एवढ्यात साखरेवर मुंग्या आल्या. त्यांनी पाकळीच्या कडा कुरतडल्या, ती सुटली, आणि मुंग्यांनी ती उचलली. आधी उजवीकडे निघाली. मी गुडघ्यांवर पुढे सरकलो. कपाळाच्या मध्यावर त्यांचे आपसात काहीतरी बिनसले, पाकळी गोल फिरली, आणि मुंग्या तिला डाव्या बाजूने खाली घेऊन गेल्या.



"पाहणारे आपण दोघेच," मी म्हणालो. "उजवा पडला असे मी सांगतो. याहून मोठ्या थापांना लोकांनी मला टाळ्या दिल्यात."

"त्यांनी तिकीट काढलं हुतं, अण्णा. ह्यांनी कुटं काढलंय?"

त्याने स्वतः श्रीपतला हलवून उठवले. "ऊठ. डावा दिला."

लोक परत आल्यावर ओंकार कुरकुरला, मुंग्यांचा कौल कसा धरायचा म्हणून. म्हाताऱ्या तुळजाबाईने त्याला गप्प केले. "वाऱ्यानं पाडली तर वाऱ्याला इचारतोस काय रे?"

मसाल्याची सोडून कुठलीही चालेल, यावर सगळ्यांचे एकमत झाले. श्रीपतने रसाची बाटली उचलली आणि दगडासमोर जाऊन उभा राहिला. सोनबा गर्दीत मागे, माझ्याजवळ. वाडीने वाट सोडली होती ती दुसऱ्यासाठी, आणि सोडताना तोही एक पाऊल मागे सरकला होता.

श्रीपतने बाटली तिरकी केली. प्रॉम्प्टरचे ओठ नटाबरोबर हलतात ना, तशी माझ्या शेजारी सोनबाची रिकामी मूठ हळूहळू कलत गेली, थांबली, आणि श्रीपतची धार तुटेपर्यंत तशीच कललेली राहिली.