मंदाबाईंनी पाहिलेला हमाम

सावद्याच्या मंदाबाई बऱ्हाणपूरला पुष्कळदा गेल्या, पण तिथला शाही किल्ला त्यांनी फक्त गाडीतून पाहिला होता. लग्नाला जावं, तर जेवणं उरकली की वऱ्हाडाची गाडी परत निघायची. एरवी जाणं व्हायचं ते दारावर, म्हणजे कोणी वारल्यावर भेटायला. दारावरून निघालेल्या बाईनं वाटेत कुठं थांबायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करायची, मग बाकीचं. केळीची बाग आणि मुलींची बाळंतपणं यांत त्यांची पन्नाशी उलटली.

१९८९च्या मार्चमध्ये त्यांची मावशी नर्मदाबाई गेली. बऱ्हाणपुरात तेवढं एकच नातं उरलं होतं. दारावरून परतताना भाड्याची जीप किल्ल्याजवळ आली, तशा मंदाबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "तोताराम, थांबव."

थोरल्या जाऊबाई, द्रौपदाबाई, दचकल्या. "अवं मंदे, असं कुठी चालली? पहिले अंघोळ करा लागते."

"अक्का, अंघोळीचीच खोली पाहाले चालली मी. बेगमेची."

"लोकं काय म्हनतीन?"

"मंग मी कव्हा पाहू? आता मले इथी कोन बोलावनार आहे?"

द्रौपदाबाई बडबडत मागोमाग गेल्या आणि किल्ल्यातल्या हमामाच्या, म्हणजे बेगमेच्या न्हाणीघराच्या, दारातच थांबल्या.

आत आधीच तीन बायका होत्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांतल्या एक रावेरच्या पुष्पाबाई, नर्मदाबाईंच्या नणंद. तासाभरापूर्वी त्यांचा हंबरडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला होता. दोघींनी एकमेकींना पाहिलं. आता तोंड लपवायला जागा नव्हती.

"काय वं, तू इथी कशी?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"जीप तापली," मंदाबाई म्हणाल्या. "अन तुम्ही?"

"आमचीबी तापली."

मंदाबाई खाली मान घालून फरशी पाहू लागल्या.

"खाली काय पाहते?" पुष्पाबाई म्हणाल्या. "चित्रं वर आहेत."

मंदाबाईंनी मान वर केली. घुमटाला आतून वेलबुट्टी काढलेली होती. काही ठिकाणी रंग उडाले होते, काही ठिकाणी तांबडा आणि निळा अजून शाबूत होता. पदर डोक्यावरून खांद्यावर आला. त्यांनी तो सावरला नाही.

मागून द्रौपदाबाईंचा आवाज आला, "सरका वं जरा. मले काहीच दिसून नाही राहिलं."