चोचीतला नाकतोडा

नाकतोडा माणसापेक्षा शहाणा असतो, हे मी पैजेवर सांगते. तुम्ही उजवीकडून गेलात की तो हल्लू काडीच्या डावीकडे सरकतो, डावीकडून गेलात की उजवीकडे. तीन पावसाळे मी रिंगरोडपलीकडच्या आमच्या प्लॉटवर, गुडघाभर गवतात जुना टॉवेल टाकून पालथी पडून हेच पाहत आले. आबिड्सच्या ऑफिसातून सुट्टी मिळाली की गौलीगुड्याहून बस धरायची नि तिथे जायचं. घरचे म्हणत, येड लागलंय हिला. लागलंय तर लागलंय!

प्लॉट वडिलांचा, आता दादाचा आणि माझा. दादा कोर्टातल्या नोकरीतून रिटायर झाला, हुकूम सोडायची सवय मात्र अजून ड्युटीवर आहे. माझे नाकतोडे त्याच्या लेखी नुसते किडे. त्याला प्लॉटचं कौतुक दसऱ्यापुरतं, कारण त्या सकाळी पालपिट्ट, म्हणजे आपला नीलकंठ, तिथल्या तारेवर हमखास दिसतो. इकडे दसऱ्याला त्याचं दर्शन घेतल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. मागच्या वर्षी मी काढलेला त्याचा फोटो दादाने फ्रेम करून नल्लकुंट्याच्या घरी हॉलमध्ये लावला. वहिनी त्याला रोज उदबत्ती ओवाळते.

मला मात्र एकच फोटो हवा होता. नाकतोडा शेवटची कात टाकतो, काडीला उलटा लटकून जुन्या कातडीतून बाहेर येतो आणि त्याचे चुरगळलेले पंख हळूहळू उलगडतात, तो. दोन वर्षं मी पोचेपर्यंत नुसती रिकामी कात हाती लागली. यंदा दसऱ्याच्या चार दिवस आधी एका पिल्लाच्या पंखांची बोंडं फुगून काळी पडलेली पाहिली. शेजारी तसलीच आणखी पाच-सहा. तशीच नल्लकुंट्याला जाऊन दादाला हात जोडले, "दसऱ्यापर्यंत गवताला हात लावू नकोस. नंतर काय हवं ते कर."

"हौ, हौ," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

दसऱ्याला सगळ्यांच्या आधी पहाटेच पोचले. प्लॉटची हजामत झालेली. गवत कापून कोपऱ्यात ढीग, आणि नाकात जाणारा औषधाचा वास. ढीग उपसला. एक सापडला, अर्धा कातेबाहेर. डोकं आणि पुढचे पाय सुटलेले, पंख आतच. मी तिथेच बसून रडले, लाज कसली.

कॅमेरा काढला आणि तोच फोटो घेतला.

तासाभराने दादाची गाडी आली. वहिनी, सुना, नातवंडं, डबे, सतरंजी. "परवाच माणसं लावून साफ करून घेतलं. किडे पोरांना चावले असते," तो म्हणाला.

"नाकतोडा चावतो होय रे? तुला हजारदा सांगितलं होतं!"

"सणाच्या दिवशी तोंड वाकडं करू नकोस."

मग सगळे तारेकडे बघत बसले. तार रिकामीच. पुऱ्या संपल्या, पोरं परेशान झाली, पक्षी काही येईना. परत येताना दादाने नाक्यावर गाडी थांबवली. एक माणूस पंख बांधलेला नीलकंठ पिंजऱ्यात घेऊन उभा होता. दादाने त्या पक्ष्याला हात जोडले, पोरांनाही जोडायला लावले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी रीतीप्रमाणे जम्मीची, म्हणजे इकडे आपट्याऐवजी देतात ती शमीची, पानं घेऊन नल्लकुंट्याला गेले. दादाच्या हातावर पान ठेवलं, पण वाकले नाही. वाकवेनाच.

"आज का आला नसेल गं तो?" दादा म्हणाला. खरंच वाईट वाटत होतं त्याला.

"चष्मा लाव आणि फ्रेमजवळ जा. चोचीत काय आहे?"

"काडी आहे."

"नीट बघ."

तो बराच वेळ बघत राहिला. नाकतोड्याचे दुमडलेले पाय चोचीबाहेर लोंबत होते. वर्षभर त्या पायांपुढेही उदबत्ती लागत होती.

मी फ्रेम खिळ्यावरून काढून पिशवीत टाकली.

"अगं, दसऱ्याच्या दिवशी देव भिंतीवरनं उतरवतात का?" वहिनी कळवळली.

"मी नाही उतरवला," मी म्हटलं. "तुमच्या नवऱ्याने परवाच उतरवला."

हातातलं जम्मीचं पान दादा नुसतं चुरगळत होता.