चौथ्या आवृत्तीतली घंटी

एकाच अल्बमच्या पाच प्रती घरात असणं हे वेडाचं लक्षण आहे, असं माझी वहिनी म्हणते. मला ते मान्य नाही. तिच्याकडे हिरव्या रंगाच्या सात साड्या आहेत आणि तिला त्या सातही वेगळ्या दिसतात. मग मलाच काय म्हणून नावं ठेवायची?

अल्बम इंग्रजांचा, सत्तरच्या दशकातला. एका बाजूला एकच गाणं, तेही वीसेक मिनिटांचं. गाणारा मध्येच गप्प बसतो आणि ऑर्गन, गिटार, ड्रम आपापसांत बोलत राहतात. रॉकच्या या शाखेला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. दादा, माझा मोठा भाऊ, नागपूरला पॉलिटेक्निकला होता. होस्टेलवर कुणाकडे तरी रेकॉर्ड होती, तिच्यावरून त्याने कॅसेट भरून घेतली आणि सुटीत घुग्घुसला घेऊन आला. बाबा कोळशाच्या खाणीत होते, मी अकरावीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला टेप बिघडल्यासारखा वाटला. तिसऱ्यांदा ऐकून झालं तेव्हा मीच म्हटलं, “दादा, आणखी एकदा लाव नं.”

तिथून आमचं सुरू झालं. पुढे त्याच अल्बमची दुकानातली छापील कॅसेट मिळाली. मग काही वर्षांनी सीडी आली, तिच्यावर ‘रीमास्टर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. रीमास्टर म्हणजे जुनाच सदरा धुऊन, कडक इस्त्री करून आणलेला. रीमिक्स वेगळं. त्यात सदऱ्याची शिवण उसवून तो नव्याने शिवतात. ड्रम कुठे बसवायचा, गिटार किती पुढे आणायची, सगळं पुन्हा ठरवतात. या फरकावर मी कुणाशीही तासभर भांडू शकते. भांडलेही आहे.

प्रती जमल्या तसा आम्ही एक खेळ काढला. एकाने कपाटाकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्याने गाण्याचा एखादा तुकडा लावायचा आणि बसलेल्याने ही कोणती प्रत ते सांगायचं. तेवढा वेळ कूलर बंद. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. वहिनी नवी नवरी होती तेव्हा पदराने वारा घेत बसायची. पुढे ती सरळ बोलायला लागली, “भाऊबहीण दोघंही येडे हाये. एकच गाणं चार वेळा ऐकाचं, न मंग त्याच्यावर भांडाचं!”

खेळात दादाच जिंकायचा. झांजेचा एक ठोका ऐकला की म्हणायचा, “ही सीडी. कॅसेटवर ही झांज अशी चमकत नाई.” मी खूप चरफडायचे. त्याचे कान माझ्याहून तिखट होते.

पॉलिटेक्निक झाल्यावर तो कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात लागला होता, जिथे भट्टीतला माल दळतात त्या मिलवर. दोन मजली घराएवढं पिंप लोखंडी गोळे पोटात घेऊन फिरत असतं. तिथे माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात. कानात घालायला बोळे दिलेले होते. हा पठ्ठ्या ते खिशात ठेवायचा. म्हणायचा, मिल भरली का रिकामी, हे तिच्या आवाजावरून समजते, कान बंद केले तर समजणार कसं? मला याचं भारी कौतुक होतं. मी आलापल्लीला शाळेत शिक्षिका झाले तेव्हा सहकाऱ्यांना हे अभिमानाने सांगायचे.

आणि मग रीमिक्स आलं. पुण्याला राहणाऱ्या मैत्रिणीने पाठवलेली ती चौथी प्रत. मी आधी आलापल्लीला एकटीने ऐकली आणि वेडी व्हायची बाकी राहिले. गाण्याच्या मधल्या भागात ऑर्गन एकटाच संथ वाजत असतो. त्याच्यामागे या नव्या प्रतीत एक घंटी होती. देवघरातल्या घंटीपेक्षाही नाजूक. तीस वर्षं ती मूळ टेपांमध्ये होती, पण कुणी वर आणली नव्हती. आता दादाला कधी ऐकवते असं मला झालं होतं. सुटी लागताच एसटीने दादाकडे आले, पिशवी ठेवली आणि त्याला कपाटाकडे तोंड करून बसवलं.

नेमका तोच तुकडा लावला.

“जुनी सीडी,” दादा म्हणाला.

“नीट ऐक.”

“अवं जुनीच आहे. काय येड्यात काढतं मले?”

मी टाळ्या पिटल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकले होते! म्हटलं, “हरला! हे रीमिक्स आहे. घंटी नाई ऐकू आली तुले?”

“कोणती घंटी?”

मी आवाज वाढवला. पुन्हा लावलं. वाजली की बोट वर करत होते. तो माझ्या बोटाकडे बघत होता. “कुठी वाजून राह्यली? काई नाई तिथी,” तो म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, “वाजून तं राह्यली! मले इथी ऐकू येते, न तुमाले तिथी बसून नाई येत?”

जिला त्या संगीताचं काडीचंही प्रेम नव्हतं, तिला भांड्यांच्या आवाजातूनही ती घंटी ऐकू येत होती. दादाने उठून प्लेअर बंद केला. “फालतू आहे रीमिक्स,” म्हणाला आणि कूलर लावून आडवा झाला. कूलरच्या पंख्याची किरकिर महिनाभर चालली होती आणि त्याला तेल घाला म्हणून वहिनी रोज मागे लागत होती. तो रोज म्हणायचा, कुठी किरकिर करते?

तरीही मी तो त्याचा हट्टीपणाच समजले. डोक्यात उजेड पडायला पावसाळा यावा लागला. दादा मला भेटायला आलापल्लीला आला होता. संध्याकाळी आम्ही घरासमोर खुर्च्या टाकून बसलो. समोर साग उभे, आणि रातकिड्यांनी असा कल्ला मांडलेला की मला माझंच बोलणं ऐकू येईना. दादाने पाय लांब केले, डोळे मिटले आणि म्हणाला, “किती शांत आहे नं तुया इथी.”

मी हातातला कप खाली ठेवला. मग एकेक उलगडत गेलं. जुन्या प्रती त्याला पाठ होत्या. झांज कानात येत नव्हती तरी ती कुठे पडते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला ती ऐकू येते असंच वाटत होतं. मला फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं. घंटी नवी होती. ती काही त्याला पाठ नव्हती.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज गेलेत आणि ते परत येणार नाहीत. दादा बाहेर येऊन हसत म्हणाला, “चला, तुयी वहिनी अर्धी बंद झाली.” वहिनी हसली आणि एसटी स्टँडवर पदर डोळ्यांना लावून रडली. तो मात्र विषय काढला की टिंगल करायचा.

मी त्याच्याकडे सीडी नेणं सोडून दिलं. त्यावरून तो भडकला. “काऊन आणत नाई? मी मेलो का?” म्हणून पुन्हा न्यायला लागले. आता खेळ नव्हता. दोघं नुसते ऐकायचो, कूलर चालू ठेवून. मधला भाग आला की मी म्हणायचे, “आता वाजली,” आणि तो मान हलवायचा.

काही वर्षांनी पाचवी प्रत आली. आणखी कुणी तरी नव्याने मिसळलेली, जाड पुस्तिकेसकट. मी ती दादाकडेच उघडली. मधला भाग आला, ऑर्गन वाजला, घंटी काही येईना. पुन्हा लावलं. कान स्पीकरला भिडवला. नाहीच! कुण्या शहाण्याने ती पार पुसून टाकली होती. मग मी सुटले. असल्यांना टेपांना हात लावू देतात कसे, इतकी सुंदर गोष्ट होती, होत्याची नव्हती केली. वहिनीने चहा आणून ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

दादा माझ्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घेत होता. आता तो असंच ऐकायचा. मी थांबले तेव्हा त्याने विचारलं, “एक घंटी गेली तं तुले एवढं लागलं?”

आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“हो,” मी म्हटलं. “लागलं.”

त्याने चहाचा कप उचलला, परत खाली ठेवला.

“मले बी,” तो म्हणाला.