वस्तीच्या गाडीतली रात्र

ती घटना आठवली की आजही संताप होतो. चोर-दरोडेखोरांवर नाही, कागदावर सही करून मोकळ्या होणाऱ्या शहाण्यांवर.

जोयडा तालुक्यात फौजदार असताना ठाण्यात निनावी फोन आला. कुंभारवाड्याला रात्री मुक्कामी थांबणाऱ्या बसगाडीत एक इसम दर शनिवारी लहान पोरगी घेऊन झोपतो, पोरगी त्याची वाटत नाही, असं सांगून फोन ठेवला. असली खबर टेबलावर ठेवून चहा पीत बसता येत नाही. रविवारी उजाडताच महिला पोलिसाला घेऊन गाडीपाशी पोहोचलो.

गाडीच्या मागच्या लांब सीटवर पाचेक वर्षांची पोरगी बसलेली. शेजारी तिशीचा माणूस तिच्या वेण्या घालत होता, अगदी वाकड्यातिकड्या. दोघांना ठाण्यात आणलं. नाव, गाव विचारलं, ते त्याने सांगितलं. पोरगी कोणाची, तर म्हणाला माझीच. मग घर सोडून गाडीत का? त्याची मान खाली. दटावून पाहिलं, समजावून पाहिलं. गुन्हा दाखल झाला तर पोरीला पुन्हा भेटणं अवघड होईल, हेही बजावलं. तरी त्याचं एकच, पोरगी माझी.

पोरगी मात्र महिला पोलिसाशी बिस्कीट खात बोलली. "बाबा खाली झोपत्यात, मी शीटवर. मी पडले तर त्यांच्यावर पडनार."

दरम्यान फोनचा नंबर कोणाचा ते कळलं. पोरीच्या आजोबांचा! आईच्या वडिलांचा! लगेच त्यांना आणि पोरीच्या आईला बोलावून घेतलं.

आईच्या जबाबातून सगळं उलगडलं. नवराबायको वेगळे झालेले. तडजोडीत लिहिलं होतं, शनिवारची रात्र बापाकडे, रविवारी सकाळी आईकडे. छान. बाप रामनगरला ट्रकवर हमाली करणारा. संध्याकाळच्या गाडीने तो कुंभारवाड्याला, बायकोच्या माहेरच्या गावी यायचा. रात्री परतायला दुसरी गाडी नाही, तीच गाडी तिथं मुक्काम करून सकाळी परत जायची. पोरीला रामनगरला नेऊन सकाळी परत आणणार कशी? सासऱ्याच्या घरात पाय ठेवायला बंदी. सासऱ्याशी वैर नको म्हणून गावात दुसरं कोणी दार उघडेना. शेवटी ड्रायव्हर-कंडक्टरना दया आली, त्यांनी गाडीत झोपू दिलं. एवढंच लपवत होता तो. बायकोच्या गावात आपल्याला अंथरूण मिळत नाही, हे सांगायची लाज.

मी म्हाताऱ्याला विचारलं, तो कोण हे माहीत असून फोन केलात?

"म्हनूनच केला," तो म्हणाला. "जावई म्हनून मिरवत होता, आता चोर म्हनून मिरवू दे."

"अप्पा, माझं त्याच्याशी जमलं न्हाई," पोरीची आई शांतपणे म्हणाली. "पोरीचं जमतंय. शनवारी तो आपल्या ओसरीवर झोपंल."

"घर माझं हाय."

"व्हय की. मग मी बी तिच्यासंगं गाडीत झोपते. गावाला दिसू दे तुमची लेक कुठं झोपती ती."

कंडक्टर जबाब द्यायला आला होता, तो म्हणाला, "बाई, शीटा कमी पडतील ओ." कोणी हसलं नाही. खोटी खबर दिल्याबद्दल मी म्हाताऱ्याला कायदा सांगितला, चांगला खडसावून सांगितला.  मग तो जावयाकडे न बघता मला म्हणाला, "ओसरीवर डास लई. मच्छरदानी घेऊन यायला सांगा त्याला."

गुन्हा नाही, असा शेरा मारून मी प्रकरण बंद केलं. पण या प्रकरणाने शिकवलं ते ठणकावून सांगतो. पोरांच्या रात्रींची वाटणी करणाऱ्यांनो, आधी त्या गावाला एकदा जाऊन या. परतीची गाडी कधी आहे ते बघा. आणि लेकरू कोणाकडे झोपणार एवढंच लिहून थांबू नका. कुठं झोपणार तेही लिहा.