फाट्यापासूनचं तिकीट

गाव सहाशे माणसांचं. रस्ता तिथे येऊन संपायचा, पुढे नुसतं रान. बाहेर जायचं तर सकाळची एकच बस, आणि त्या बसचा कंडक्टर म्हणजे गावातलाच मामा. थोरल्या बहिणीची मुलं त्याला मामा म्हणायची, मग सगळं गावच म्हणू लागलं. एवढी भाचरं झाल्यावर मामाचं काळीज सुपाएवढं झालं, आणि तिथेच घोळ झाला.

गावापासून मोठ्या रस्त्यावरचा फाटा सहा किलोमीटर. एवढ्याशा अंतराचे पैसे आपल्याच माणसांकडून काय घ्यायचे? बस सुटली की मामा दाराशी गप्पा ठोकत उभा राहायचा. फाटा आला की मशीन काढायचा आणि सगळ्यांना फाट्यापासूनचं तिकीट द्यायचा. परतीतही फाट्यापर्यंतचंच. स्वतःच्या खिशात त्याने दमडी घातली नाही, हे खरं. पण नियम मोडला तो मोडलाच, आणि एक-दोन नव्हे, अठरा वर्षं मोडला. तिकिटावर काय छापलंय ते गावात कुणी कधी वाचलं नाही. मामा म्हणेल तेवढे द्यायचे, नि वर म्हाताऱ्यांनी त्याला तोंडभर आशीर्वाद द्यायचे.

मग डेपोत नवे साहेब आले. त्यांनी मशीनमधली वर्षभराची माहिती कागदावर काढली. फाट्यावर रोज चाळीस माणसं चढतात, गावातून एकही नाही! फाट्यावर होतं काय, तर एक पंक्चरवाला आणि त्याचं कुत्रं. पण कागद बोलतो ते खरं. साहेबांनी ठरवलं, बस फाट्यापासूनच सोडायची.

गाव हादरलं. चार जाणती माणसं अर्ज घेऊन डेपोत गेली, मामाला पुढे घालून. साहेबांनी बाकीच्यांना बाहेर बसवलं आणि एकट्या मामाला आत बोलावून कागद पुढे सरकवला.

"सहाशे लोकवस्ती आहे म्हणतात. मग वर्षभरात गावातून एकही माणूस चढला नाही? तुमचे लोक फाट्यापर्यंत येतात तरी कसे?"

साहेब, चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मामाने कागद हळूच परत सरकवला.

"चालत येतात, साहेब," तो म्हणाला. "सवय आहे त्यांना."

त्या वाक्याची त्याला स्वतःलाच शिसारी आली. बाहेर येऊन तो चौघांना म्हणाला, "साहेब ऐकत नाहीत." चौघांनी साहेबांना शिव्या घातल्या आणि मामाला चहा पाजला.

पुढच्याच महिन्यापासून बस गावात यायची बंद झाली. आधी शाळेतल्या मुलांची घरं शहरात हलली, मग कामावर जाणाऱ्यांची. मामा निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा गावातल्या निम्म्या दारांना कुलपं होती. पाच वर्षांनी शिरगणती झाली, ती दोनशे दहावर आली.

एका सकाळी थोरली बहीण सामान बांधत बसली होती. गुडघे गेलेले, औषधं शहरात, आणि फाट्यापर्यंत चालणं आता होत नव्हतं. मुलगा तिला कायमचं न्यायला येणार होता. मामाला भाकरीतुकडा तीच घालायची, तिच्याशिवाय त्याचं होतं कोण?

"ताई, गाडी माझ्यामुळे गेली," तो म्हणाला, आणि तिकिटांपासून साहेबांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

ताईने हातातलं लुगडं खाली ठेवलं.

"साहेबाला खरं का नाही सांगितलंस?"

"नोकरी गेली असती गं. या वयात खाल्लं काय असतं मी?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग कुठे दिसत नव्हता, दिसला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "सहाशे माणसं होतो आम्ही. तुझ्या एकट्याच्या पोटाला कमी पडलो असतो?"