तोंडाची ढोलकी आणि खालचा सूर

घरात टीव्ही नवा होता तेव्हा त्यावर चार पोरं पाहिली. पेटी न्हाई, तबला न्हाई, सगळा बाजा नुसत्या तोंडानं काढत होती. मला तेव्हापासून त्याचं लई वेड लागलं.

पिंपळवंडीच्या रानात टोमॅटोची झाडं तारेला बांधताना मी ओळीच्या या अंगाला असायचो, बायको त्या अंगाला. सुतळी देता देता ती खालचा सूर धरायची. मी गायचो आणि मध्येच तोंडानं ढोलकी वाजवायचो.

"ढोलकी जरा हळू, थुकी उडतीय टोमॅटोवर," ती म्हणायची.

ती आजारपणात गेली आणि मी गाणं सोडलं. एकट्याचा आवाज ऐकवत नव्हता.

पुढच्या हंगामात त्या अंगाला सून उभी राहिली. तिनं सुतळी दिली आणि हळूच तोच सूर धरला. माझा हात जागीच थांबला.

"मामा, असं काय बघताय? आत्यांनीच शिकवलाय. म्हणल्या, मामांना एकटं गाऊ देऊ नको."

मग गायलो. आवाज फाटला, तरी ओळ संपेस्तोवर गायलो. आजारपणातसुद्धा बाईनं माझ्या गाण्याची सोय करून ठेवली. तिचे लई उपकार आहेत माझ्यावर, आणि सुनेचेही.